आपल्या नव्हे, शेजारच्या मंडळीत काय चांगलं दिसलं?

कॅम्पवासी

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या गडहिंग्लज-मिरजेकडच्या ख्रिस्ती वाचकांसाठी हा धागा उघडते आहे. बाकीच्यांनीही जरूर लिहावं. नियम एकच: स्वतःच्या पंथाचं कौतुक करायचं नाही. दुसऱ्या पंथात जे खरोखर चांगलं दिसलं, ज्याचा मनापासून हेवा वाटला, तेवढंच लिहायचं. "शेवटी सगळे एकच" असं मोघम नको. नेमकं काय आवडलं आणि का, ते हवं.

आपल्याकडे पंथ अगदी लागून राहतात. कॅम्पात फातिमा कॅथेड्रल आहे, इंग्रजांच्या काळातलं सेंट मेरीज आहे, मेथॉडिस्ट उपासना आहे, आणि गेल्या काही वर्षांत घराघरांतून सुरू झालेल्या प्रार्थनासभा आहेत. तरी एका चर्चचं माणूस दुसऱ्या चर्चमध्ये जातं ते लग्नाला, नाहीतर मयताला.

शिवाय आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पंथ कुणी धर्मशास्त्र वाचून निवडलेला नाही. लंडन मिशनरी सोसायटी १८२० साली बेळगावात आली. आजचं बेनन स्मिथ हायस्कूल त्यांच्याच १८३२ च्या शाळेतून वाढलं. पुढे १९०४ मध्ये त्यांनी इथलं काम अमेरिकन मेथॉडिस्टांच्या हाती दिलं आणि इथल्या मंडळ्या मेथॉडिस्ट झाल्या. कोल्हापुरात १८५२ मध्ये वाइल्डर आले, म्हणून तिकडचे लोक प्रेस्बिटेरियन. धारवाडला १८३७ पासून बासेल मिशन. नगरला अमेरिकन मराठी मिशन. मिशनांनी एकमेकांत मुलूख वाटून घेतले होते. माझी पणजी बेळगावऐवजी गडहिंग्लजला नांदत असती तर मी आज प्रेस्बिटेरियन असते आणि तेही तितक्याच ठामपणे सांगितलं असतं. कॅथलिकांची वाट वेगळी. त्यांचे बरेचसे पूर्वज गोव्याकडून घाट चढून आले. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९५३ मध्ये.

मी मेथॉडिस्ट. मला हेवा वाटतो तो कॅथलिकांच्या मृतांविषयीच्या आठवणीचा. आमच्याकडे अंत्यविधी होतो, फार तर स्मरणार्थ उपासना होते, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात. त्यांच्याकडे त्या माणसासाठी मिस्सा (त्यांची भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना) होतो, महिन्याला होतो, वर्षाला होतो. २ नोव्हेंबरला सगळं गाव दफनभूमीत जातं, कबरी साफ करतं, मेणबत्त्या लावतं. माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या कॅथलिक बायका संध्याकाळी जपमाळ घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. शुद्धिस्थानाची, म्हणजे मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याच्या जागेची, त्यांची शिकवण मला पटत नाही, आजही नाही. पण दुःखात माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, आणि त्यांच्याकडे तयार शब्द असतात. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना आईचा श्वास हळूहळू जाग्यावर यायचा. उत्स्फूर्त प्रार्थना हे आमचं बळ म्हणतात, पण त्या आठवड्यात आमच्या घरात कुणालाच उत्स्फूर्त असं काही करता येत नव्हतं.

आता तुम्ही लिहा.

खानापूरकर

फार चांगला विषय. मी कॅथलिक. घरी कोकणी, शाळा मराठी, दुकानात कन्नड.

तुम्ही उत्स्फूर्त प्रार्थनेबद्दल शेवटी जे लिहिलंत त्याच्या बरोबर उलटा माझा अनुभव आहे. आमच्या आईला मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजकडची एक म्हातारी होती, प्रेस्बिटेरियन. शिक्षण फार झालेलं नसावं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिने आईचा हात धरला आणि प्रार्थना केली. आईचं नाव घेतलं, माझं घेतलं, सकाळी येणाऱ्या डॉक्टरांचं घेतलं, भूल देणाऱ्यांचंसुद्धा घेतलं. मधे एक स्तोत्र आलं, तेही तोंडपाठ. मी पदवीधर माणूस, पण "आमच्या स्वर्गीय पित्या" आणि "नमो मरिये" यापलीकडे मोठ्याने चार वाक्यं बोलायची वेळ आली तर मला घाम फुटतो.

प्रॉटेस्टंट मंडळींनी साध्या माणसाच्या हाती बायबल दिलं आणि त्याला देवाशी स्वतःच्या भाषेत बोलायला लावलं, हे फार मोठं काम आहे. मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार १८११ मध्ये छापून झाला होता, तोही मोडीत, म्हणजे व्यवहारातल्या लिपीत. आमच्याकडे मिस्सा लोकभाषेत आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ च्या पुढे. माझ्या आजोबांनी जन्मभर लॅटिन मिस्सा ऐकला आणि भक्तीने ऐकला, हे खरं. पण वचनाशी त्या म्हातारीची जी सलगी होती ती त्यांच्यापाशी नव्हती.

(फादर स्टीफन्स आणि १६१६ च्या ख्रिस्तपुराणाबद्दल लिहायला हात शिवशिवतो आहे. नियम आठवला, थांबतो.)

मिरज_जंक्शन

स्टीफन्सबद्दल मी लिहितो, मी प्रेस्बिटेरियन आहे, मला मुभा आहे. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो आणि मराठीत सुमारे ११,००० ओव्या रचतो. आमचे मिशनरी यायच्या दोनशे वर्षं आधी. मराठी ख्रिस्ती साहित्य नारायण वामन टिळकांपासून सुरू होतं असं आमच्याकडे सहज बोलून जातात. ते आधीपासून होतं, आणि ते कॅथलिकांनी दिलं.

दुसरी गोष्ट, सिस्टर लोक. लग्न न करता, पगाराची अपेक्षा न ठेवता, जिथे एसटीसुद्धा दिवसातून एकदा जाते अशा गावात आयुष्य काढणाऱ्या बायका. आमच्या पंथात ही वाटच नाही. एखाद्या मुलीला असं जगावंसं वाटलं तर आम्ही तिला स्थळं दाखवतो.

दोन_घरांची_सून

माझं माहेर मेथॉडिस्ट, सासर कॅथलिक, त्यामुळे मला कुठल्याही बाजूचं कौतुक करायची परवानगी असावी.

लग्नाच्या वेळी मला पंथ बदलावा लागला नाही. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिश्र विवाहाचे नियम बरेच सैल केले. तेव्हापासून बिशपांची परवानगी काढायची आणि कॅथलिक जोडीदाराने मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करीन असं वचन द्यायचं, एवढं असतं. माझा मेथॉडिस्ट बाप्तिस्मा त्यांनी जसाच्या तसा मान्य केला. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव, एवढं असलं की तो खरा बाप्तिस्मा.

अडतं ते प्रभुभोजनापाशी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्यापाशी. रविवारी ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली की आमचा अख्खा बाक उठतो आणि कॅथलिक नसल्याने मी एकटी बसून राहते. सासूबाई जाताना माझ्या खांद्याला हात लावून जातात. पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. माहेरी तर टेबल खुलं आहे, ज्याचं प्रभूवर प्रेम आहे आणि ज्याला पश्चात्ताप आहे त्याने यावं असं पाळक सांगतात, कुठल्या चर्चचा हे कुणी विचारत नाही. आजही मला वाटतं की यात माहेरचं मन मोठं आहे.

पण बाकावर बसून बसून मी सासरच्या माणसांकडे नीट बघायला लागले. सासरे मिस्साच्या आधी तासभर काही खात नाहीत, चहासुद्धा नाही. आत आल्यावर गुडघा टेकतात. भांडण झालं असेल तर आधी ते मिटवतात, नाहीतर त्या दिवशी तेही बाकावरच बसतात. माझ्या माहेरी प्रभुभोजन महिन्यातून एकदा, आणि मी ते घेऊन बाहेर येताना दुपारच्या स्वयंपाकाचा विचार करत असायचे. जे मला मिळत नाही त्याची किंमत मला सासरी कळली. आता माहेरी गेले आणि तो रविवार असला की मी आदल्या रात्रीपासून तयारी करते.

नवऱ्याचं उलटं झालं. तो आमच्या चर्चला आला की गाणी सोडत नाही. चार्ल्स वेस्लीने ६,००० च्या वर गीतं रचली आणि त्यांत शिकवण भरून ठेवली. शिवाय आपली मराठी भजनं आहेत, पेटी-तबल्यावरची. तो म्हणतो, तुमच्याकडे म्हातारी माणसंसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत न बघता गातात, आमच्याकडे कॉयर गातो आणि आम्ही ऐकतो.

आणखी एक. ज्या मुद्द्यावरून युरोपात चर्च फुटलं, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशाने, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन चर्चनी एकत्र निवेदनावर सह्या केल्या. कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या पुण्याईने नव्हे. २००६ मध्ये जागतिक मेथॉडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. म्हणजे मूळ प्रश्नावर माझं माहेर आणि सासर कागदावर एक झालेलं आहे. बाकाचं मात्र अजून बाकी आहे, आणि त्यासाठी मी रोज प्रार्थना करते.

शनिवारकरी

बाक वाचून गलबललं. मी अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवारी उपासना करणाऱ्या पंथातला, शिक्षण पुण्याला स्पायसर कॉलेजात. मला मेथॉडिस्टांच्या जुन्या 'क्लास' पद्धतीचा हेवा वाटतो. जॉन वेस्लीच्या काळी दहा-बारा जणांचा गट दर आठवड्याला बसायचा आणि प्रत्येकाला विचारलं जायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललं आहे? ती पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली, पण कल्पना सोन्यासारखी आहे.

निपाणीचा_गडी

मी निपाणीचा. सध्या पेंटेकॉस्टल सभेत जातोय. वाढलो एका जुन्या मंडळीत, नाव घेत नाही. माझा भाऊ तंबाखूच्या वखारीत कामाला होता, दारूनं पार गेला होता. तिथं वर्षानुवर्षं बसलो, कुणी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली नाही. सभेतल्या माणसांनी उपास धरला, रात्र जागवली, त्याच्या उशाला बसले. तो सुटला. हे आमच्याच सभेचं कौतुक झालं, नियम मोडला, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आता दुसऱ्यांचं. आमच्याकडं पास्टर जे वचन निवडतील तेच. त्यामुळं आशीर्वाद, बरं होणं, विजय, हेच वर्षभर चालतंय. विलापगीत कधी कानावर पडत नाही, दुःख सोसणारा इयोब तर शेवटच्या, सगळं परत मिळालेल्या अध्यायातला तेवढा. एका कॅथलिक मित्राच्या घरी भिंतीवर वर्षाची वाचनं टांगलेली बघितली, पंचांग टांगतात तशी. तीन वर्षांचं चक्र असतंय. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मधे मधे. मेथॉडिस्ट, अँग्लिकन यांच्यातही बऱ्याच ठिकाणी असंच चक्र चालतंय म्हणे. उपदेशकाला नको असलेलं वचनही त्याला वाचावंच लागतंय. भाऊ सुटला, पण आई गेली, कॅन्सरनं, आणि आम्ही बरं होण्यासाठीच प्रार्थना केली होती. तेव्हा विलापगीत मला कुणीतरी आधीच वाचून दाखवलेलं असतं तर फार आधार झाला असता.

एक मात्र स्पष्ट लिहितो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, त्याला मी बाप्तिस्मा मानत नाही. मी मोठा झाल्यावर विश्वास धरून पाण्यात बुडून घेतला. खोटं गोड बोलण्यापेक्षा हे सांगितलेलं बरं.

खानापूरकर

निपाणीचे भाऊ, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. वाचनांची यादी मराठीत मिळते, पाठवतो.

पण बाप्तिस्म्याचं मनाला लागलं. आमच्या गावात दोन घरांतली मुलं अशीच पुन्हा पाण्यात गेली. आईबाप महिनाभर जेवले नाहीत धड. मुलाने "माझा पहिला बाप्तिस्मा खोटा" म्हटलं की आईला ऐकू येतं, "तू मला देवाच्या हाती दिलंस ते खोटं." तुमची श्रद्धा तुमच्याजवळ, पण हे दुःख तुम्हाला दिसतं का?

निपाणीचा_गडी

दिसतंय. माझी आईही रडली होती. पण प्रेषितांच्या कृत्यांत आधी विश्वास आणि मग पाणी असंच मला दिसतंय. सद्सद्विवेकाला सोडून मी कुठं जाऊ?

निवृत्त_बाई

मी शिक्षिका होते, सत्तरी उलटली आहे. हा वाद मी तरुणपणापासून ऐकते आहे, म्हणून थोडं लिहिते.

१९७० मध्ये, २९ नोव्हेंबरला, नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. सहा परंपरा एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते, जे बाळांना बाप्तिस्मा देतात, आणि बाप्टिस्टही होते, जे देत नाहीत. नेमका निपाणी आणि खानापूरचा वाद. त्यांनी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या: ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा हवा त्यांनी द्यावा आणि मोठेपणी त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी बाळाला देवाला अर्पण करावं आणि मोठेपणी बाप्तिस्मा द्यावा. आपले मेथॉडिस्ट शेवटच्या क्षणी त्या ऐक्यातून बाहेर राहिले आणि १९८१ मध्ये मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाले. मला त्याची खंत आहे. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा इथे जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाने बाप्तिस्म्यावर निवेदन काढलं. त्यात बाप्तिस्मा पुन्हा करायची गोष्ट नाही असं स्पष्ट म्हटलं आणि बाळांना सरसकट बाप्तिस्मा देऊन मोकळे होणाऱ्यांनाही विचार करायला लावला. दोन्ही बाजूंना त्यात ऐकून घ्यावं लागतं.

आणि पाण्यावरूनच भांडायचं तर मुक्तिफौजेचं (सॅल्व्हेशन आर्मीचं) काय कराल? त्यांच्याकडे पाणीही नाही आणि भाकरही नाही. एकोणिसाव्या शतकातच त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही थांबवलं. सगळं आयुष्य हाच संस्कार, असं ते मानतात. मला हे पटत नाही. पण नगरचं त्यांचं हॉस्पिटल बघा. १८८२ मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा देशी कपडे घालून, देशी नावं घेऊन, अनवाणी हिंडले. आणि बायकांना त्यांनी पहिल्या दिवसापासून अधिकारी केलं. माझ्या ओळखीच्या कित्येक हुशार बायका आपापल्या चर्चमध्ये जन्मभर चहाच्या समितीवर राहिल्या. फौजेत त्या मेजर झाल्या असत्या.

बैलहोंगल_रोड

आमच्या बाजूला देशनूर आहे. तिथे अनिमानंद स्वामी या नावाने राहिलेले जेझुइट फादर होते. कावी वस्त्रं, शाकाहार, कन्नडात भक्ती, आणि चर्चला नावही विरक्त मठ. मी बासेल मिशनच्या घरातला, आमच्याकडे साधी भिंत आणि प्रवचन. लहानपणी ते बघून गोंधळलो होतो. आता मला ते धाडस वाटतं. आमच्या मिशनने कन्नडला किटेलचा १८९४ चा कोश दिला, पण उपासनेचं वळण जर्मनच राहिलं. तिकडे ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणत. ते प्रॉटेस्टंट, हे कॅथलिक, आणि दोघांचा विचार एकच.

रोखठोक

सगळं वाचलं. खरं आणि मनापासूनचं आहे, म्हणून हेही इथेच लिहितो. एका बाबतीत मला कुठलाच पंथ वरचढ दिसला नाही. स्थळ बघताना "मूळचे कोण?" हा प्रश्न कॅथलिक घरातही येतो, मेथॉडिस्ट घरातही, आणि जिथे सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात त्या सभेतही. पंथ बदलून बघितला, प्रश्न बदलला नाही.

आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. हा अर्ज भरताना कुणी विचारत नाही तुमचं चर्च कुठलं. इथे मला दुसऱ्यांचं कौतुक करायचं आहे ते असं: या प्रश्नावर कॅथलिक बिशप परिषद आणि प्रॉटेस्टंटांची राष्ट्रीय चर्च परिषद गेली अनेक वर्षं बरोबरीने बोलत आली आहे. १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात तेव्हा दोन्हीकडचे लोक असतात. प्रभुभोजनाच्या टेबलापाशी जे जमलं नाही ते निदान रस्त्यावर तरी जमलं.

कॅम्पवासी

रोखठोक, हे लिहिलंत याबद्दल आभार. लग्नाच्या प्रश्नावर वेगळा धागा काढा, मी येते.

निपाणीचे भाऊ आणि खानापूरकर, तुमचं एकमत झालं नाही, आणि मी ते ओढूनताणून करणारही नाही. पण १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. त्यात आपल्याकडे एक संध्याकाळ करावी असं वाटतं. प्रत्येकाने दुसऱ्या पंथाची एक प्रार्थना म्हणायची.

निवृत्त_बाई

जानेवारी करा. पण बायकांचं आधीपासून चालू आहे हे विसरू नका. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका मिळून ती उपासना लिहितात आणि जगभर तीच म्हटली जाते. आमच्याकडे मेथॉडिस्ट, कॅथलिक, मल्याळी ऑर्थोडॉक्स अशा सगळ्या येतात. वाचनं मराठीत, कन्नडात आणि कोकणीत होतात. बिशप लोकांच्या बैठकींची वाट आम्ही बघत बसलो नाही.

निपाणीचा_गडी

बाई, आमच्या सभेतल्या चौघी जणी मार्चला येतो म्हणतात. बायकोनं विचारलंय, ढोलकी चालेल का? आणि मोठ्यानं प्रार्थना केलेली चालेल का?

निवृत्त_बाई

ढोलकी चालेल. मोठ्याने प्रार्थनाही चालेल, मध्यस्थीच्या जागी वेळ ठेवते. उपासनेचा क्रम मात्र लिहून आलेला असतो, तो आधी वाचून या म्हणावं. त्यातली दोन वाचनं तुमच्या बायकांकडे देते. खानापूरच्या कॅथलिक बायकांना गाण्याची तालीम फेब्रुवारीतच सांगितली आहे, त्यांनाही ढोलकीवाली हवीच होती.